न लिहिलेले डाव

स्पर्धेतल्या बुद्धिबळाच्या पटाशेजारी दोन वस्तू असतात, ज्या पारावरच्या पटाशेजारी कधी दिसत नाहीत. एक घड्याळ, दुसरा कागद. घड्याळाचा तोरा मोठा. त्याला दोन तोंडं, दोघांचा वेळ वेगवेगळा मोजायचा आणि कुणाचीही गय करायची नाही हा त्याचा बाणा. लहान मुलं तर मोहरं पुरतं टेकायच्या आतच घड्याळाकडे हात नेतात. कागद बिचारा मुका. वर नाव, तारीख, फेरी आणि पटाचा क्रमांक. खाली दोन रकाने, एक पांढऱ्याचा, एक काळ्याचा. तळाशी निकाल आणि दोघांच्या सह्या. डाव संपला की एक प्रत पंचांच्या टेबलावर जाते, दुसरी खिशात. खिशातली बहुतेक वेळा कपड्यांबरोबर धुतली जाते.

मला या कागदाचा लोभ आहे. डाव चालू असताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघू नये म्हणतात, पण कागदाकडे बघायला कुणाची हरकत नसते. पहिल्या आठ-दहा ओळींतलं अक्षर परीक्षेतल्या पहिल्या पानासारखं असतं: टपोरं आणि ओळीत. मग एका ओळीवर पेन थांबतं. तिथे शाईचा ठिपका जरासा मोठा होतो. तिथून पुढे अक्षर लहान होत जातं, तिरपं होतं, एखादी चाल खोडून पुन्हा लिहिली जाते. घड्याळात पाच मिनिटं उरली की नुसत्या रेघोट्या. कुणी कुठे घाबरलं, कुणाला कुठे धीर आला, हे सारं त्या अक्षरात उतरलेलं असतं. डाव कसा झाला हे चाली सांगतात. खेळणारा कसा होता ते अक्षर सांगतं.

आता ते पहिल्या दहा ओळींतलं टपोरं अक्षर. ते तसं असतं, कारण त्या चाली खेळणाऱ्याने त्या क्षणी शोधलेल्या नसतात. त्या त्याच्याकडे चालत आलेल्या असतात. डावाची सुरुवात ही अशी वडिलोपार्जित मिळकत आहे. बीडच्या जालना रोडवरच्या एखाद्या मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी, मागच्या भिंतीवर आदल्या लग्नातल्या वधूवरांच्या नावांचे थर्माकोल तसेच असताना, पाचवीतला एक मुलगा काळ्या मोहऱ्यांनी तिसरं प्यादं दोन घरं पुढे सरकवतो आणि सिसिलीला जाऊन पोचतो. शेजारच्या पटावर कुणी सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मगुरूच्या, रुय लोपेझच्या, वाटेने चाललेलं असतं. त्याचं पुस्तक १५६१चं. पलीकडे बर्लिन, त्याच्यापलीकडे व्हिएन्ना. पाटोदा, केज, धारूर, आष्टीहून आलेली ही मुलं पहिल्या पाच मिनिटांत अर्धा युरोप फिरून येतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. चाल कुठून आली हे चालीला लागत नाही.

पण एक प्रश्न मला त्या सभागृहात नेहमी पडतो. ही सगळी गावं इथे पोचली, मग आमची गावं कुठे गेली? बुद्धिबळ तर या मातीतलं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ लिहवला तेव्हा राजाच्या करमणुकींत त्याने या खेळाला जागा दिली. हा आमचा भाग तेव्हा त्याच राज्याच्या छायेत होता. कंकालेश्वराच्या कुंडातल्या पाण्यात उभं असलेलं देऊळ त्याच काळाच्या घडणीची आठवण देतं. मग आठशे-नऊशे वर्षांत या बालाघाटावर, या गोदाकाठी, कुणी एखादी सुरुवात शोधलीच नसेल? पट समोर असताना माणूस शोधल्याशिवाय राहत नाही. तेव्हा शोधल्या असणारच. त्या गेल्या कुठे, एवढाच प्रश्न.

दिवाळीच्या सुटीतली गोष्ट आहे. स्पर्धा मानांकनाची नव्हती, जिल्ह्यापुरतीच होती. पण पंच जुन्या वळणाचे. वेळ भरपूर, प्रत्येकाला एक तास आणि दर चालीला तीस सेकंदांची भर, आणि चाली लिहिणं सक्तीचं. बाहेर गाड्यांवर सीताफळांचे ढीग लागले होते. आमच्या बालाघाटाच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण गाडीवाल्याला त्याचं काही नाही. तो डोळे उघडलेलं फळ अंगठ्याने दाबून बघतो आणि भाव सांगतो. त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या. नोंदणी केलेला एक मुलगा आई-बापांबरोबर ट्रकात बसून गेला होता. यादीत त्याचं नाव, पटावर त्याची खुर्ची, आणि मुलगा साताऱ्याच्या का कोल्हापूरच्या रस्त्यावर. संख्या विषम झाली. कुणाला तरी बाय द्यावा लागणार. संयोजकांनी आजूबाजूला पाहिलं. नातवाला घेऊन आलेले एक काका भिंतीला टेकून बसले होते, धोतर, पांढरी टोपी, हातात नातवाची पाण्याची बाटली.

“काका, येतं का खेळायला?”

“येतंय की थोडं थोडं. आमचं आपलं पारावरचं.”

पहिल्या फेरीत ते माझ्यासमोर आले.

पारावरचं बुद्धिबळ म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पट म्हणजे बहुधा खडूने आखलेला किंवा कापडावर शिवलेला. खेळणारे दोघं, सांगणारे पंधरा. हरलेल्याने उठायचं आणि पुढच्याने बसायचं. आमच्याकडच्या जुन्या रीतीत प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं जायची मुभा नव्हती. एक घर, मग पुन्हा एक घर. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, सबंध डावात एकदाच घोड्याची उडी. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर मनाला येईल ते मोहरं होत नसे. ज्या घरात पोचलं त्या घराचंच मोहरं त्याला मिळायचं. गावोगाव यात थोडाफार फरक असे आणि त्यावरून भांडणंही होत. या रीतीचा डाव सावकाश पेटतो. दोन्ही फौजा आपापल्या हद्दीत बराच वेळ मांडामांड करतात. युरोपातल्या डावात तिसऱ्या-चौथ्या चालीला तलवारी भिडतात. पारावर तोवर पहिली तंबाखूही मळून झालेली नसते.

काकांना नवे नियम माहीत होते, नातवाने शिकवले होते. तरी हात जुनाच. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यांनी घोड्यापुढचं एक घर सरकवलं. मी वजिरापुढचंही दोन घरं टाकून पटाचा मध्य अडवला. त्यांनी उंट काढून त्या सरकलेल्या प्याद्याच्या मागे, त्याच्याच रिकाम्या घरात नेऊन बसवला, आणि टोपी सारखी केली. मी घोडा काढला, त्यांनी वजिरापुढचं प्यादं एक घर. मी दुसरा घोडा काढला, त्यांनी उंटापुढचं एक घर. सगळं एकेक घर. जणू दोन घरांची मुभा कुणा दुसऱ्याला दिलेली होती आणि ती वापरणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

अशा खेळासमोर बसलेल्या माणसाला गुदगुल्या होतात. मध्य आपला, जागा आपली, वेळही आपला. समोरचा तीन ओळींत दाटीवाटीने बसलेला. पुस्तकी भाषेत याला ‘अवकाशाची आघाडी’ म्हणतात. पण जागा घेणं वेगळं आणि ती राखणं वेगळं. पुढे गेलेलं प्यादं मागे येत नाही. त्याला राखायला मोहरं बसवावं लागतं, त्या मोहऱ्याला राखायला दुसरं. बाराव्या-तेराव्या चालीला माझ्या ध्यानात आलं की माझे दोन घोडे, एक उंट आणि वजीर असे चौघेजण दोन प्याद्यांचे पहारेकरी झालेत. आणि तेव्हा काकांनी उंटापुढचं ते प्यादं, जे आधी एक घर आलेलं होतं, ते आणखी एक घर पुढे टाकून माझ्या मध्यावर धाडलं. दोन घरांचा प्रवास दोन चालींत. कुठलंही पुस्तक म्हणेल की एक चाल वाया गेली. पण मधल्या काळात मी कुठे काय बसवलंय ते त्यांनी निवांत पाहून घेतलं होतं. मला प्यादं पुढे ढकलावं लागलं आणि मागच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या त्यांच्या उंटाची तिरपी वाट सरळ माझ्या वजिराच्या अंगणापर्यंत उघडली.

ते डावीकडे कागदावर लिहीत होते. मोहऱ्याचं पहिलं अक्षर आपल्या भाषेतलं लिहायला जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांची मुभा आहे, आणि पंचांनी ते त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या रकान्यात घोड्याचा घ होता, उंटाचा उ, हत्तीचा ह. चाल झाली की पेनचं टोपण काढायचं, लिहायचं, टोपण लावायचं. त्या टोपणाच्या आवाजाने माझी बेचैनी वाढत होती. पुढे वजीर गेले, एकेक हत्ती गेला. शेवटी माझं एक प्यादं जास्त होतं, पण माझा राजा उघडा पडलेला. त्यांनी शह दिला, मी हललो, त्यांनी पुन्हा शह दिला, मी परत आलो. शहाला अंत राहिला नाही. बरोबरी.

सह्या झाल्यावर आम्ही पट बाहेरच्या ओट्यावर नेला. तिथे बोलायला बंदी नव्हती.

“तुमचा घोडा गंगंच्या पल्याड ऱ्हायला बघा,” ते म्हणाले. “अल्याड असता तर आमचं काय खरं नव्हतं.”

ते गेवराई तालुक्यातले, गोदाकाठचे. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आणि त्यांच्या तालुक्यात ही उपमा उगीच येत नाही. १० ऑगस्ट १७६३ला राक्षसभुवनला तेच झालं होतं. नदीला पूर, निजामअली अर्ध्या फौजेनिशी पलीकडे उतरून गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे. माधवराव पेशव्यांच्या फौजेने त्याला तिथेच गाठलं. विठ्ठल सुंदर पडला, आणि पलीकडच्या काठावरच्या फौजेला काही करता आलं नाही. माझा घोडाही पटाच्या त्या टोकाला असाच बघत उभा होता.

मी विचारलं, ही मांडणी कुठे शिकलात?

“वडलांची हाय. ते असंच बसायचे. म्हणायचे, त्याला येऊ द्या, जागा घेऊ द्या. पसरल्याला झाकायला चादर पुरत नसती.”

“आणि त्यांना कुणी शिकवलं?”

“ते काय ठावं? असंल कुणी तरी. त्यांचे डाव बघायला गंगंच्या पल्याडून लोक यायचे. आता कुणाला आठवतंय!”

राक्षसभुवनच्या लढाईची पत्रं आहेत, बखरी आहेत, कोण कुठून उतरलं आणि कोण कुठे पडलं हे सांगणारे कागद आहेत. मराठी माणसाने लिहिण्याचा कंटाळा केला असं कोण म्हणेल? हिशेब लिहिले, वतनांचे तंटे लिहिले, रोजकीर्दी लिहिल्या. पण त्याच नदीच्या काठावर, पारावर, शे-दोनशे वर्षं ज्या लढाया झाल्या त्यांची एक ओळ नाही. काकांच्या वडिलांनी एक संरक्षण उभं केलं होतं. कदाचित त्यांच्याही आधी कुणी केलं असेल. ते एका मुलाच्या हातात उतरलं म्हणून मला दिसलं. नातवाला मी विचारलं, तो सिसिलियन खेळतो.

इथे कलकत्त्याची एक हकीकत आठवल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, आपल्या काळातला नामांकित खेळाडू. बंगालच्या मुलुखात एक ब्राह्मण आहे आणि तो कधी हरत नाही असं तिथल्या मंडळींच्या कानावर आलं. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. तो देशी रीतीचा खेळाडू. युरोपीय नियम त्याने नंतर उचलले. पुढे कित्येक वर्षं कॉक्रन आणि महेशचंद्र एकमेकांशी खेळत राहिले, शेकड्यांनी डाव झाले. त्यांतले बरेच लंडनच्या बुद्धिबळ मासिकांतून छापून आले. त्या डावांत महेशचंद्रांचा हात सतत तेच करताना दिसतो जे गेवराईचे काका करत होते: घोड्यापुढचं प्यादं एक घर, उंट त्याच्या मागे, मध्य समोरच्याला, आणि मग योग्य क्षणी त्या मध्यावर घाव.

१८५५च्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना महेशचंद्रांनी तिसऱ्याच चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून कॉक्रनच्या मध्याला भिडवलं. मध्यात पांढऱ्याची प्यादी उभी राहू दिली, आणि कोपऱ्यातल्या उंटाने ती पोखरायला घेतली. डाव मात्र कॉक्रनने जिंकला. हीच मांडणी व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२मध्ये खेळली, आणि जगाने ती त्याच्या नावावर चढवली. १९५६मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जो डाव जिंकला, ज्याला ‘शतकातला डाव’ म्हणतात, तो याच मांडणीतून निघाला होता. पुढे कास्पारोव्हनेही ती खेळली. एक घर सरकणाऱ्या प्याद्याच्या या सगळ्या कुळाला जगभर ‘इंडियन’ म्हणतात, त्यात महेशचंद्रांच्या हाताचा वाटा आहे.

मला या हकीकतीत ग्रुनफेल्डवर राग काढावासा वाटत नाही. त्याने चोरी केली नाही, त्याने स्वतः शोधलं. मला वेगळीच गोष्ट खुपते. महेशचंद्र आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्यासमोर बसणारा माणूस लिहिणारा होता. तो कलकत्त्याला आलाच नसता तर? किंवा त्याला डाव टिपायची सवयच नसती तर? मग बंगालच्या त्या खेळाडूची गत आमच्या गोदाकाठच्या खेळाडूसारखी झाली असती. आज ‘कधी न हरणारा एक माणूस होता म्हणे’ एवढंच उरलं असतं, आणि ते सांगणारी पिढी संपली की तेही नाही.

आमच्याकडे या खेळावर लिहिलं गेलं नाही असं नाही. पैठण इथून फार लांब नाही. गेवराईच्या वेशीवरून गोदावरी ओलांडली की त्या बाजूचा मुलूख लागतो. पैठणचं एक भट्ट घराणं काशीला गेलं आणि तिथे विद्येची गादी चालवली. त्याच घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातला व्यवहारमयूख इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला जात होता. त्याच ग्रंथाच्या नीतिमयूखात त्यांनी बुद्धिबळाचे नियम दिलेत, आणि घोड्याने चौसष्ट घरं एकदाच शिवून कसं फिरावं हेही दिलंय. १८१४मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं संस्कृतातून उतरवलेलं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्यात मुख्यतः आहेत त्या अवघड स्थिती: इतक्या चालींत मात करा, असा डाव सोडवा. म्हणजे नियम लिहिले, घोड्याची फेरी लिहिली, डावाचा शेवट लिहिला. ज्या गोष्टी बुद्धीला चमकवतात त्या लिहिल्या. पण दोन माणसं समोरासमोर बसली, एकाने हे केलं म्हणून दुसऱ्याने ते केलं, तो जिंकला आणि हा हरला, असा सबंध झालेला डाव त्यांत नाही. आणि सुरुवात तर सबंध डावातूनच जन्मते. हजार डाव एकाशेजारी एक ठेवले की कळतं, सातव्या चालीला उंट बाहेर काढणारे पुढे कुठे अडचणीत आले. हे एकट्याच्या प्रतिभेचं काम नाही. ही अनेकांनी भरत नेलेली खातेवही आहे, आणि खातेवही नुसत्या आठवणीवर चालत नाही.

बायकांच्या डावांचं तर आणखी अवघड. पारावर त्यांना जागा नव्हती आणि माजघरातल्या पटाला प्रेक्षक नव्हते. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती १९७४मध्ये, आणि ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. पुढची कित्येक वर्षं ते विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींतच फिरत राहिलं. रोहिणी १९७६मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. तेव्हापासून त्या कागदाच्या वरच्या ओळीत, जिथे खेळाडूचं नाव येतं तिथे, कुणाचंही नाव लिहिता येतं.

त्या ओळीचं पुढे काय झालं हे सगळ्यांनी पाहिलंय. २८ जुलै २०२५ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीसमोर बसली होती. मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, आणि ती जिंकली. त्या एका डावाने तिला विश्वचषकही दिला आणि ग्रँडमास्टर किताबही. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४मध्ये, टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराला हरवलं. सुरुवात तीच बर्लिनची, जी बीडच्या मुलांनाही पाठ असते. पण अकराव्या चालीला विदितने उंट देऊन पांढऱ्याच्या राजासमोरची भिंत फोडली. सुरुवातीचं सौंदर्य मला या अकराव्या चालीत दिसतं. दहा चाली सगळ्या जगाच्या, आणि अकरावी आपली. पण ती आपली अकरावी चाल पुढच्या माणसाची पहिल्या दहांतली व्हायची असेल, तर ती कुठे तरी उतरून ठेवलेली असावी लागते. विदितची ती चाल त्याच तासाला जगभर पोचली. आज कुठल्याही गावातला मुलगा ती खेळून बघू शकतो.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या स्पर्धा? त्या वाढल्यात, याचा आनंद आहे. शाळांतून पट आलेत, सुट्यांत शिबिरं होतात, मुली मोठ्या संख्येने बसतात. पण बहुतेक स्पर्धा एका रविवारात उरकायच्या असतात. सभागृहाचं भाडं, पंचांचं मानधन, संध्याकाळी पाटोद्याची शेवटची गाडी. म्हणून जलद डाव, प्रत्येकी दहा किंवा पंधरा मिनिटं, स्विस पद्धतीने सात-आठ फेऱ्या. जलद डावात चाली लिहिणं बंधनकारक नसतं. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात दीडशे मुलं मिळून कित्येक शे डाव खेळतात, आणि संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या बाईच्या केरसुणीखाली सापडतात ते फक्त बिस्किटांचे कागद. गुणतक्ता उरतो. कुणाला किती गुण, कोण कितवा. पण कसा हरला, कसा जिंकला, ते पुन्हा वाऱ्यावर. वर घड्याळ आलं, प्लास्टिकची मोहरी आली, पण कागदाच्या बाबतीत आम्ही अजून पारावरच आहोत.

कुणी म्हणेल, मुलं फोनवर खेळतात आणि तिथे प्रत्येक चाल आपोआप टिपली जाते. खरंय. काकांच्या नातवाच्या फोनमध्ये हजारो डाव असतील. पण त्याने त्यांतला एक तरी उघडून पाहिलाय का? यंत्राने साठवलेलं आणि आपण लिहिलेलं यात फरक आहे. हाताने चाल लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात चालीला ओळख मिळते. आणि फोन काकांच्या वडिलांना विचारायला गेला नव्हता, जाणारही नाही. तो जे त्याच्यात खेळलं जातं तेवढंच ठेवतो. पारावरचं त्याच्या कानी येत नाही.

या सावकाश सुरुवातीचं मी उगीच गुणगान करतोय असं वाटू नये. एकेक घर सरकणाऱ्याला जागा कमी पडते, आणि योग्य वेळी घाव घातला नाही तर तो आपल्याच मोहऱ्यांत गुदमरून मरतो. वाट पाहणं आणि ताटकळत बसणं यांत फार थोडं अंतर आहे. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ते अंतर कळायला हवं, कारण आम्हाला वाट पाहायची सवय जरा जास्तच आहे. पाण्याची, रेल्वेची, हंगामाची. काकांच्या वडिलांना ते कळलेलं होतं. म्हणून चादरीची उपमा देऊन ते थांबले नाहीत, त्यांनी चादर फाडण्याची चालही मुलाला दिली. हे शहाणपण कुणा एकाच्या घरातलं नाही, ते या भागाचं आहे. पण त्याला पुरावा काय? माझ्याकडे त्याचा एकच पुरावा आहे: चाळीस-पंचेचाळीस ओळींचा एक कागद, दोन्ही रकान्यांत माझं गिचमिड अक्षर. काकांची प्रत घ-उ-ह-वाली, ती पंचांकडे गेली.

म्हणून एक विनंती आहे. दिवाळीत, उन्हाळ्यात, जत्रेला गावी जाल तेव्हा पारावर, ओट्यावर, देवळाच्या मंडपात एखादा म्हातारा पट मांडून बसलेला दिसेल. अजून दिसतात, थोडे उरलेत. त्यांच्याशी एक डाव खेळा आणि तो लिहून घ्या. सगळा जमला नाही तर पहिल्या पंधरा चाली घ्या. घोड्याला घ लिहा, उंटाला उ लिहा, चालेल. वर त्यांचं नाव, गाव आणि तारीख टाका. ही सुरुवात कुणाकडून आली ते विचारा आणि तेही खाली लिहा. जिल्ह्यात स्पर्धा भरवणाऱ्यांनीही निदान शेवटच्या फेरीच्या पहिल्या पाच पटांवर कागद ठेवावेत, आणि ते जपणारी एक फाइल करावी. याला ना पैसा लागतो ना परवानगी. एक पेन पुरतं.